पंजा : नववीतल्या एका बोटाची केस

बाकावर पंजा उमटलेला होता आणि मी तो महिना-दीड महिना रोज बघत होतो. शेवटून दुसरा बाक, भिंतीकडची बाजू. जुनं सागवानी लाकूड, त्यावर बारीक बारीक टोचे. मला वाटायचं पोट्ट्यांचा टाइमपास, किंवा लाकडाला कीड लागली असल. जवळ जाऊन वाकून पाहिलं तेव्हा कळलं की टोच्यांचे झुबके आहेत आणि त्यांच्या मधली जागा एकदम कोरी. दिवाळीत पोरी जमिनीवर हात ठेवून वरून रांगोळी भुरभुरतात आणि हात उचलला की कोरा पंजा राहतो ना, अगदी तसाच. डावा हात. बोटं फाकलेली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवतो. गावाचं, शाळेचं, पोराचं नाव देत नाही, द्यायचं कारणही नाही. पोराच्या घरच्यांना विचारूनच लिहितोय, त्याची आई म्हणाली लिहा सर, फक्त फोटो टाकू नका.

तर झालं असं. भूमितीचा तास, रचना चालू होती. हा पोरगा उजव्या हातानं रेघ मारून राहिला आणि डाव्या हातानं पट्टी दाबून धरलेली. पट्टी सरकत होती. त्याचं करंगळीच्या बाजूचं बोट, म्हणजे अनामिका, पट्टीवर सपाट बसतच नव्हतं. मधल्या पेरावर उंटासारखं वर आलेलं आणि टोकाकडचं पेर उलटं मागं वळलेलं. मी विचारलं, "काय झालं रे बोटाले?" "विळा लागला सर, बैलायले गवत कापताना." "कवा?" "झाले असतीन तीनक हप्ते." बरोबर तेवीस दिवस झाले होते, ते नंतर कळलं. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार, आमच्या इकडं नोव्हेंबरात अर्ध्या वर्गाच्या हाताला काही ना काही लागलेलंच असते. सीतादही (कापूस वेचायच्या आधीची शेतातली पूजा) होऊन वेचा सुरू झाला की शनिवार-रविवार पोरं कापसात, बोंडाच्या टोकांनी नखाजवळची कातडी निघते, विळ्याचे घाव असतात.

संशय आला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. त्याच तासाला मी म्हटलं कर्कटक काढा, अंतर घ्यायचं आहे. सात-आठ पोरांचे कर्कटक बोथट निघाले, दोघांचे तर टोकाला वाकलेले. पोरींचे सगळे व्यवस्थित. कंपासपेटीतली सगळ्यात कमी वापरली जाणारी वस्तू ती, ती एवढी घासून कशी काय गेली? मग तो बाक आठवला. मग त्याचा हात पुन्हा पाहिला. विळ्यानं गवत कापताना मूठ धरलेली असते, घाव बहुतेक तर्जनीला नाहीतर करंगळीकडच्या कडेला बसतो. अनामिकेच्या पाठीवर, बरोबर सांध्याच्या मधोमध, वरून सरळ खाली आलेला घाव कसा काय बसल? तासाभरात काहीच बोललो नाही. सुटी झाल्यावर त्याला एकट्याला थांबवलं आणि बाकाच्या त्या कोऱ्या जागेवर त्याचा हात ठेवायला सांगितला. बसला बरोबर. पोरगा रडला.

खेळाला पोट्ट्यांनी नाव ठेवलं होतं "पंजा". हात बाकावर उपडा ठेवायचा, बोटं फाकवायची, दुसऱ्या हातात टोकदार वस्तू घेऊन बोटांच्या मधल्या फटीत टोचत जायचं. अंगठ्याच्या बाहेरून सुरू करायचं, पहिल्या फटीत, परत बाहेर, दुसरीत, परत बाहेर, असं करंगळीपर्यंत आणि तसंच उलटं. मोबाईलवर एक इंग्रजी गाणं लावायचे, त्याची लय वाढत जाते तसा हात पळवायचा. ही गोष्ट काही आमच्या गावात जन्मली नाही, बाहेरच्या देशांत चाकूचा हा खेळ जुना आहे, रील्सवर आला आणि तिथून शेवटून दुसऱ्या बाकावर. सुरुवात पेन्सिलीनं झाली. मग पेनानं, मग कर्कटकानं. हरला त्यानं पानठेल्यावर सगळ्यांना आलुबोंडा खाऊ घालायचा. (खर्राही, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, होता पैजेत, हे मला फार नंतर कळलं आणि कळल्यावर डोकं सरकलं, पण तो वेगळा विषय आहे.) दिवाळीनंतर एकानं जत्रेतून घेतलेला घडीचा चाकू आणला.

आणि हा पोरगा त्या खेळात सगळ्यात तरबेज होता. हे मला आधी पटलंच नाही. मला वाटायचं ज्याला जमत नाही त्यालाच लागते. नाही. ज्याला जमत नव्हतं ते कर्कटकावरच थांबले, एखादा टोचा बसला की हात झटकून उठले. याचा हात पळायचा. आईसोबत लहानपणापासून कापूस वेचतो, दोन्ही हात वेगवेगळ्या झाडावर चालतात, नजर तिसऱ्याच बोंडावर असते. आठवीपर्यंत दुसऱ्या गावच्या शाळेत होता, आमच्याकडं नववीत नवीन आला, अंगानं बारीक, कबड्डीत कोणी घेत नव्हतं. पंजामधे पहिल्यांदा त्याला कोणीतरी विचारलं. रोज जिंकायचा. रोज जिंकणाऱ्याला रोज थोडं अजून अवघड करून द्यावं लागते, नाहीतर बघणाऱ्याला मजा येत नाही.

व्हिडिओ आहे. अकरा सेकंदांचा. पोट्ट्यांच्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी तो किती वेळा पाहिला असल माहीत नाही. बाकावर हात, चाकूची टकटक, मागून आवाज, "फास्ट बे, आजून फास्ट, दम हाय का नाई?" लागायच्या आधीच्या तीन सेकंदांतले ठोके मी थांबवून थांबवून मोजले, तेरा भरले. म्हणजे सेकंदाला चारच्या वर. डोळ्यानं पाहून हात वळवायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, म्हणजे या वेगाला एक ठोका चुकला हे डोळ्याला कळेपर्यंत पुढचा निघालेला असते. त्यावेळी हात डोळ्याच्या भरवशावर चालतच नाही, सवयीवर चालते. सवय तेव्हाच कामी येते जेव्हा दुसरा हात केसभरही हलत नाही आणि बाकही हलत नाही. व्हिडिओत दहाव्या सेकंदाला पोरगा वर बघते. मोबाईलकडं. किंचित हसते. डोकं वर झालं तसा खांदा उचलला, डावा हात अर्धा बोटभर मागं सरकला. पुढचा ठोका फटीत नाही, सांध्यावर. आवाज वेगळा येते, लाकडाचा टक नाही, दबका. मग मोबाईल खाली जाते आणि फरशी दिसते. कोणीतरी हसते.

2005 मधे अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघांनी एक प्रयोग केला होता, कॉम्प्युटरवरच्या गाडीच्या खेळात सिग्नल पिवळा झाल्यावर कोण किती पुढं जाते ते बघायचं. एकटे असताना आणि दोस्त बाजूला बसलेले असताना. दोस्त बाजूला असले की तेरा ते सोळाची पोरं कितीतरी जास्त धोका घेत, मोठ्या माणसांना मात्र काही फरक पडत नव्हता. मी बीएडला असं काहीबाही वाचलं होतं आणि पेपरात लिहून मार्कही घेतले होते. त्या दहाव्या सेकंदाला ते पहिल्यांदा दिसलं.

आता बोटाचं. हे नीट सांगतो, कारण खरी गडबड इथं झाली.

रक्त फार आलं नाही. पोट्ट्यांनी नळावर हात धुतला, एकानं तंबाखू दाबली (आमच्या इकडं अजून करतात, करू नका बावा, घाण आत जाते), रुमाल बांधला आणि जागेवरच ठरलं की विळा लागला म्हणायचं. घरी आईनं हळद-तेल लावलं. तिसऱ्या दिवशी बोट सुजलं तेव्हा बाप सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथं जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. शेतातला विळा म्हटल्यावर धनुर्वाताचाच विचार आधी येणार, त्याचे जंतू मातीत-शेणात असतात आणि लक्षणं तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात. शाळेत दहाव्या वर्षी टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, इंजेक्शन मिळते, त्याला मिळालंही होतं. तिथं त्याला म्हटलं बोट सरळ कर. त्यानं केलं. झालं, टेंडन, म्हणजे बोट ओढणारी आतली दोरी, शाबूत आहे असं समजून पट्टी बांधून घरी.

ही फसवणूक बोटाच्या रचनेतच आहे. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं नंतर मला कागदावर काढून दाखवलं. बोट सरळ करणारी दोरी बोटाच्या पाठीवरून जाते आणि मधल्या सांध्याच्या अलीकडं तिचे तीन पदर होतात. मधला पदर सांध्याच्या लगेच पुढं हाडाला चिकटते, बाजूचे दोन सांध्याच्या कडेकडेनं पुढं जाऊन टोकाच्या पेराला चिकटतात. चाकूनं मधला पदर तुटला. बाजूचे दोन तसेच. त्यामुळं पहिले काही दिवस ते दोघं मिळून बोट सरळ करू शकतात, बघणाऱ्याला वाटते काही झालंच नाही. पण मधला धरून ठेवणारा गेल्यावर हे दोन पदर हळूहळू घसरून सांध्याच्या खालच्या बाजूला जातात, आणि एकदा खाली गेले की तेच पदर सांध्याला सरळ करायच्या ऐवजी वाकवतात, वरून टोकाच्या पेराला मागं ओढतात. सांधा दोन पदरांच्या मधून वर निघते, काजातून बटन निघावं तसा. डॉक्टर लोक या वाकडेपणाला बुटोनिएर म्हणतात, फ्रेंचमधे त्याचा अर्थच बटनाचं काज. दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. आमच्या पोराचं अगदी तसंच झालं.

म्हणजे पहिल्याच दिवशी कोणी म्हटलं असतं की चाकूचं टोक सांध्याच्या पाठीवर वरून आपटलं, तर बघणाऱ्याचं डोकं वेगळ्या दिशेनं गेलं असतं. जखम दिसायला एकच असते, अर्ध्या नखाएवढी. ती कशी झाली हे माहीत असलं की आत काय तुटलं असल याचा अंदाज येते. विळ्याच्या गोष्टीनं तो अंदाजच पुसून टाकला. वरून सांध्यात पू झाला नाही हे नशीब, तिथं कातडीखाली लगेच सांधाच असते, मांस नसतेच.

डॉक्टरनं एक तपासणी केली ती मला फार आवडली, मशीन नाही काही नाही. टेबलाच्या कडेवर बोट मधल्या सांध्यात काटकोनात वाकवून ठेवायचं, डॉक्टरनं पुढचं पेर दाबून धरायचं आणि पोराला म्हणायचं सरळ करायचा जोर लाव. मधला पदर शाबूत असल तर टोकाचं पेर ढिलं राहते. तुटला असल तर सगळा जोर बाजूच्या पदरांतून जाते आणि टोकाचं पेर काठीसारखं ताठ होते. याचं ताठ झालं. एल्सन नावाच्या डॉक्टरनं 1986 ला ही तपासणी लिहिली, म्हणून एल्सन टेस्ट. दहा सेकंदांचं काम.

हॉस्पिटलात न्यायच्या आधी घरी जावं लागलं, तो भाग काही सोपा नव्हता. मी खरं सांगितल्याबरोबर बाप उठला आणि पोराला दोन झापडा दिल्या, माझ्यासमोर. मी म्हटलं, "भाऊ, यासाठीच तर तेवीस दिवस बोलला नाही तो." बाप खाली बसला. मग म्हणे, "पण सर, चाकूचं म्हटलं तर पोलीस केस होते ना? मंग इळाच सांगू ना तिथं बी?" भीती अगदीच खोटी नाही, चाकूचा मार म्हटलं की दवाखाना एमएलसी, म्हणजे कायद्याच्या कामाची नोंद, करू शकते, पोलिसांना कळवू शकते. पण पोरापोरांच्या खेळातलं लागलं असं स्पष्ट सांगितल्यावर आमच्या केसमधे दोन कागदांवर सह्या आणि चार प्रश्न, एवढ्यावर निभावलं. आई एकच म्हणाली, "बोट सुधं होईन का, मले येवढं सांगा."

शाळेत तर उलटंच. मुख्याध्यापकांनी सरळ म्हटलं, टीसी द्या दोघातिघांना, बाकीचे आपोआप सुधारतात. मी भांडलो. टीसी दिली तर पुढच्या वेळी जखम विळ्याचीच नाही तर सापाचीही सांगतील. शेवटी चाकू जप्त झाला, ज्याचा होता त्याच्या बापाला बोलावलं, आणि मोबाईल शाळेत बंद. मोबाईल आधीही बंदच होते म्हणा.

मी माझ्या परीनं एक केलं, त्यावरून सहकाऱ्यांचं माझ्याशी अजून वाजते. गणिताच्या तासाला सगळ्यांच्या हातात स्केचपेन दिले आणि म्हटलं खेळा पंजा. पहिली फेरी सावकाश, मी टाळी वाजवीन तसं. दुसरी दुप्पट वेगानं. तिसरी बाजूच्यानं नाव घेऊन हाका मारायच्या. प्रत्येक फेरीनंतर हातावरचे ठिपके मोजून फळ्यावर लिहायचे. पहिल्या फेरीत जवळपास कोणाच्याच हाताला शाई नाही. तिसऱ्या फेरीनंतर हात पाहून पोट्टे स्वतःच हसायला लागले, काहींच्या बोटांवर गोवर निघाल्यासारखे ठिपके. सगळ्यात तरबेज जे दोघं होते त्यांच्याही. मग फळ्यावर फिट्सचा नियम मांडला, 1954 चा, जागा जितकी अरुंद आणि जितकी दूर तितका नेमाला वेळ लागते, तो वेळ कापला की चूक वाढते, हिंमत किती आहे हे त्या सूत्रात कुठं येतच नाही. एक मॅडम म्हणाल्या, सर तुम्ही तर ज्यांना येत नव्हता त्यांनाही खेळ शिकवला. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत. पोरी तोवर खेळत नव्हत्या, त्या दिवशी खेळल्या. पण मला ठिपके मोजल्याशिवाय दुसरं काही सुचलं नव्हतं आणि नुसतं भाषण दिलं असतं तर मागच्या बाकावर काय चालते ते मला माहीत आहे.

कारण मीही त्याच बाकावरून उठून आलोय. आमच्या लहानपणी पाऊस पडला की सळाखीचा खेळ. ओल्या जमिनीत लोखंडी सळाख फेकून रोवायची, रुतली की पुढं, पुन्हा फेक, जिथं आडवी पडली तिथून हरलेल्यानं लंगडी घालत परत यायचं. पाश्चात्त्य देशांत याचा चुलतभाऊ आहे, मम्बलटी-पेग, घडीचा चाकू जमिनीत रोवायचा, हरलेल्यानं मातीत ठोकलेली खुंटी दातानं उपटायची. तिकडं अंगणात फेकायचे टोकदार मोठे डार्टही विकत मिळायचे, एक सात वर्षांची पोरगी दगावली तेव्हा अमेरिकेनं 1988 मधे त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. आमच्या सळाखीवर कोण बंदी आणणार, ती कोणाच्याही कुडाची निघते. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारी तिची खूण आहे. आईला मी काच लागली म्हणून सांगितलं होतं. ती आता पंच्याहत्तरीची आहे आणि तिच्या हिशोबानं ती अजून काचच आहे.

तर बोट. मधला सांधा सरळ ठेवणारी पट्टी, सहा आठवडे, रात्रंदिवस, टोकाचं पेर मोकळं आणि ते दिवसातून बऱ्याचदा वाकवायचं, म्हणजे घसरलेले पदर जागेवर येतात. अट एवढीच की पट्टी बदलतानाही सांधा वाकू द्यायचा नाही, एकदा वाकला तर मोजणी पहिल्यापासून. ही अट कापसाच्या दिवसांत पाळणं काय असते ते ज्यानं वेचा केला त्यालाच कळल. आई पट्टी बदलायची तेव्हा पोराचा हात पाटावर उपडा ठेवायची, धाकटी बहीण बोट टोकाशी धरून राहायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा आंघोळीत पट्टी निघाली आणि बोट वाकलं. पोरानं दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला स्वतः सांगितलं, मी विचारलं नव्हतं. डॉक्टरला फोन केला, मोजणी पुन्हा एकपासून. म्हणजे सहाचे नऊ झाले. त्या सीझनला आईनं एकटीनं वेचा केला.

पट्टी निघाली तेव्हा बोट जवळजवळ सरळ होतं. शेवटचा थोडा वाक राहिला, कोनमापकानं मी मोजला, बारा अंश. मूठ पूर्ण वळते. थंडीत दुखते म्हणतो. डॉक्टर म्हणाले पहिल्या आठवड्यात आला असता तर एवढाही राहिला नसता बहुतेक.

बाक अजून तिथंच आहे, बदलायला फंड नाही. पोरगा आता दहावीत, बाक बदलून पुढं बसते. जूनमधे पाऊस पडला तेव्हा मैदानात सळाखीचा खेळ सुरू झाला, तेव्हा मी चुन्यानं एक रेघ मारली, बघणारे रेघेच्या मागं, आणि अनवाणी कोणी फेकायची नाही. पाळतात अर्धे. व्हिडिओ काढणारा मला आजपर्यंत कोणी सांगितला नाही. शेवटी जो हसते त्याचा आवाज मात्र मी रोज हजेरीला ऐकतो, "हजर सर" म्हणताना. मी त्याला अजून काही विचारलं नाही.